सामाईक तार

वाटणीत दोघा भावांनी चमचेसुद्धा निम्मे केले आणि बोलणं बंद केलं. समोरासमोरच्या गॅलऱ्यांमधली कपड्यांची तार तेवढी सामाईक राहिली. ती सैल पडली नाही ना, एवढंच बघायला थोरला रोज सकाळी टिचकी मारून तारेवर बोट ठेवायचा. बोटाला दोन हिसके जाणवायचे.

"भावजी उत्तर देतात हो," बायको म्हणायची.

"उत्तर कसलं? हिसका पलीकडच्या हुकावर आपटून परत येतो. पदार्थविज्ञान शिकवलंय मी जन्मभर."

"मग दोनदा कसा येतो?"

"तार जुनी आहे."

धाकटा गेला. त्याला पोचवून आल्यावर दुसऱ्या सकाळी थोरल्याने सवयीने टिचकी मारली आणि तारेवर बोट ठेवलं.



हिसका परत आला, पण एकदाच.