बंद दाराची जाहिरात

परक्या देशात आल्यापासून तिने दुसऱ्यांच्याच जाहिरातींवर हात फिरवला होता. नव्या नाटकाची ही जाहिरात मात्र सर्वस्वी तिची. पडद्यावर नायिका बंद दारापाशी पोचली, तिने कडीला हात घातला आणि जाहिरात संपली. नाट्यगृहाच्या मालकीणबाईंनी चष्मा काढला. “अगं, दार उघडायचं राहिलं. ते उघड, नाहीतर मी दुसऱ्याकडून करून घेते.” तिने मनात विठ्ठलाचं नाव घेतलं. “बाई, माझे वडील कीर्तनकार. गोष्ट ऐन रंगात आली की थांबवून भजन धरायचे. लोक चडफडायचे, पण एकही उठायचा नाही. दार बंदच राहील.” “हट्टी आहेस,” म्हणत बाई निघाल्या आणि उंबऱ्यातून मागे वळल्या. “मला तरी सांग, आत कोण असतं?” “पहिल्या प्रयोगाला या. तुमची खुर्ची राखून ठेवते.” “दोन ठेव. जाहिरात बघून आमचे हे माझं डोकं खाणार.”