गरम वारा

रेडिएटरच्या तोंडाशी एकही बुडबुडा येत नव्हता, आणि जीपच्या तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकत होता. नवा पाइप विश्रामने अंगणातच बसवला होता. पण आत कोंडलेली हवा निघाल्याशिवाय घाट चढता येणार नव्हता. पुढच्या सीटवर त्याची बायको कळा सोसत होती.

हीटरच्या नळ्यांतूनही पाणी फिरून हवा निघावी म्हणून त्याने भर मे महिन्यात हीटर पूर्ण सोडला होता. "आई, हीटर चालू आहे ना?"

"मीच बंद केला," सुनेला पदराने वारा घालत आई फणकारली. "पोर घामाने निथळतेय, दिसत नाही तुला?"

बायकोनेच हात लांबवून हीटर पुन्हा चालू केला. रेडिएटरमधून भकाभका बुडबुडे आले. त्याने पाणी ओतलं, काटा उतरला. गाडीत गरम झोत सुटला.

"आता निघा," ती दात आवळून म्हणाली.

घाट संपेपर्यंत हीटर बंद करायची कुणाची छाती झाली नाही. आईचा पदरही थांबला नाही.