पहिल्या हाकेला

"लायका," हरिभाऊंनी बसखाली वाकून हाक मारली.

मागच्या चाकाला टेकून बसलेल्या कुत्र्याने त्यांच्याकडे पाहिलं. ओळख दाखवली. पण हाक आपल्याला आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेही दिसलं नाही. मग त्याने सावकाश कान खाजवला.

"लायका बाई होती, हरिभाऊ," बसच्या खिडकीतून गिरीज गावचा ॲन्सेल्म म्हणाला. सहा महिन्यांपूर्वी हे पिल्लू त्यानेच हरिभाऊंना दिलं होतं, त्यामुळे त्याला बोलायचा हक्क होता.

"अंतराळात गेल्यावर बाई काय आणि पुरुष काय," हरिभाऊ म्हणाले. "दिशा, पुढचं नाव सांग."

दिशा म्हणजे त्यांची नात. यादी तिच्या फोनमध्ये होती. पिल्लू घरी आलं त्याच दिवशी हरिभाऊंनी जाहीर केलं होतं की, निवृत्त का होईना, मुख्याध्यापकाच्या कुत्र्याला मोती नाहीतर टॉमी म्हणणं शोभत नाही. नाव मोठं असलं की जनावर त्याला जागतं. म्हणून जगातल्या नामांकित कुत्र्यांची यादी झाली. त्यांत इतिहासातले होते, पोलिसांतले होते, टीव्हीवरचे चारदोन होते, आणि दिशाच्या आग्रहाखातर एक कार्टूनमधलाही होता. एकेक नाव आठवडाभर चालवायचं आणि तो ज्याला उठेल ते कायम करायचं, असं ठरलं.

सव्वीस आठवडे झाले. तो कशालाच उठला नाही.

आज सकाळी त्याला रेबीजची लस टोचली, तेव्हासुद्धा कार्डावर नावाची जागा कोरी राहिली. हे हरिभाऊंच्या मनाला लागलं. परतताना, आगाशीच्या भर बाजारात, "मोकळं सोडून हाक मारू, म्हणजे खरी परीक्षा होईल," असं म्हणून त्यांनी पट्टा सोडला. परीक्षार्थी थेट उभ्या बसखाली जाऊन बसला.

"काका, माझा टाइम होऊन पाच मिनिटं झाली," ड्रायव्हर म्हणाला. "मी चालू करतो. आवाज झाला की निघेल तो."

"आणि नाही निघाला तर?" दिशाने विचारलं.

ड्रायव्हरने चावीला हात घातला. पट्टा हरिभाऊंच्या हातात होता, नुसताच.

"हाचिको," ते घाईघाईने म्हणाले. "हा जपानचा. मेलेल्या मालकाची स्टेशनवर नऊ वर्षं वाट बघत बसला होता."

"मग हा बरोबरच करतोय," ॲन्सेल्म म्हणाला. "बसलाय की."

"नऊ वर्षं मला जमणार नाही," ड्रायव्हर म्हणाला.

मुंबई पोलिसांतला सीझर झाला. वाघ्या हे नाव त्यांनी जरा हळूच घेतलं. त्यावरून वाद आहे, आणि बाजारात कोण कुठल्या बाजूचा ते सांगता येत नाही. कुणीतरी बिस्किट टाकलं. कुत्रा पुढे सरकला, बिस्किट खाल्लं आणि परत चाकाशी गेला. कुणीतरी काठी आत घातली, तर तो आणखी आत सरकला.

हरिभाऊंना कळेना. बहिरा म्हणावा, तर तसाही नाही. घरी जेवणाच्या वेळी ते पानावर पोचायच्या आत हा तिथे हजर असे.

तेवढ्यात हरिभाऊंच्या पत्नी आनंदीबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या. त्यांनी यादीत कधी लक्ष घातलं नव्हतं. नाव घेणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. लग्नात उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं तेवढंच. पुढच्या बेचाळीस वर्षांत पुन्हा नाही. जेवायला मात्र हाक मारत. एकदा नाही, चारचारदा, कारण हरिभाऊ "आलो, आलो" म्हणत आणि पेपरातच राहत. हल्ली काही महिने त्या एकदाच हाक मारत. बाईंचा स्वभाव वयाने निवळला, असं हरिभाऊंनी ॲन्सेल्मला कौतुकाने सांगितलंही होतं.

"आजी, तो येतच नाहीये गं," दिशा रडवेली झाली होती. "सगळी नावं संपली."

आनंदीबाईंनी बसखाली पाहिलं. ड्रायव्हरच्या हाताकडे पाहिलं. मग जमलेल्या माणसांकडे पाहिलं आणि त्या थोड्या संकोचल्या. पिशवी खाली ठेवली, पदर सावरला आणि स्वयंपाकघरातून मारावी तशा आवाजात म्हणाल्या,

"अहो, चला. पान वाढलंय."

बसमधले तीन म्हातारे एकदम खिडकीतून डोकावले.

"आलो, आलो," हरिभाऊ म्हणाले आणि सवयीप्रमाणे जागचे हलले नाहीत.

बसखालून कुत्रा निघाला. त्याने अंग झाडलं, गर्दीतून वाट काढली आणि आनंदीबाईंच्या पायांशी येऊन नीट मांडी घातल्यासारखा बसला. बस सुरू झाली. ॲन्सेल्म जाताना काहीतरी बोलला. तो हसत होता एवढंच दिसलं.

दिशाने गुपचूप पट्टा बांधला. हरिभाऊ कुत्र्याकडे बघत होते, मग बायकोकडे, मग पुन्हा कुत्र्याकडे.

"अगं, म्हणजे हल्ली तू जी एकच हाक मारतेस..." त्यांचं वाक्य पुढे जाईना.

आनंदीबाईंनी पिशवी उचलली.

"पहिल्या हाकेला घरातलं कुणीतरी यायला लागलं," त्या म्हणाल्या. "मग दुसरी कुणासाठी मारू?"