कॅप्टनची रिकामी खुर्ची

ज्या मालिकेमुळे मी भौतिकशास्त्राकडे वळले, ती मध्येच बंद पडली होती. कथेतलं यान पृथ्वीवर न परतता अंतराळातच राहिलं. आम्ही काही चाहते धायरीतल्या एका शेडमध्ये तिचे पुढचे भाग स्वतःच चित्रित करतो. मूळ मालिकेत कॅप्टन झालेले गोपाळकृष्णकाका गेल्या वर्षी वारले. "मला घरी आणा रे," असं ते आम्हाला शेवटपर्यंत सांगत होते. म्हणून कॅप्टनची भूमिका आम्ही कोणाला दिली नाही. खुर्ची रिकामी ठेवतो आणि तिच्याकडे बघूनच संवाद म्हणतो.

चित्रीकरण सुरू झालं की त्या खुर्चीचं रेक्झिन खाली दबतं. 'कट' म्हटलं की वर येतं.

मी आतला फोम बदलून पाहिला. तरी तेच.

"एमएस्सी झालीस ना? मग बसून बघ," कॅमेऱ्यामागून वरद म्हणाला.

"तू बस की."

कोणीच बसलं नाही.

आज शेवटचा भाग होता. यान पृथ्वीवर उतरलं. वैमानिकाची भूमिका करणारी नीरजाताई, काकांची मुलगी, खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली. तिचं वाक्य होतं, "कॅप्टन, आपण पोचलो."

ती म्हणाली, "बाबा, घर आलं. उठा आता."

वरद 'कट' म्हणायचं विसरला. तरीही रेक्झिन हळूहळू वर येऊ लागलं. मला भीती वाटायला हवी होती, पण मी मनातल्या मनात काकांचे आभार मानत होते.

तेवढ्यात नीरजाताईच्या खांद्यावरचं कापड दबलं, उठताना कोणी आधाराला हात ठेवावा तसं.