बिलाआधी भरलेले पैसे

दुकानातल्या मशीनने सुनेत्राला हप्त्यावर ओव्हन द्यायला नकार दिला. तिचा क्रेडिट स्कोअर अचानक कोसळला होता.

"अहो, कार्डाचं बिल अजून आलंसुद्धा नाही आणि नवऱ्याने सगळे पैसे भरूनही टाकलेत!" ती मशीनवरच तडकली. देणं अंगावर ठेवू नये, ही सासूबाईंची शिकवण हेरंब उशिरा का होईना पाळतोय, याचं तिला केवढं कौतुक वाटलं होतं.

"म्हणूनच स्कोअर उतरला," मशीन शांतपणे म्हणालं. "दोघांच्या नावावरचं कार्ड एक जण एकाएकी बिलाआधीच फेडायला लागला, की ते जोडपं बहुधा लवकरच वेगळं होतं. मागे राहणाऱ्याचा स्कोअर बँक आधीच कमी करते."

भर दुकानात सुनेत्रा खो खो हसली. घरी आल्यावर हेरंबच्या हातात चहा देताना तिने मशीनची हुबेहूब नक्कल करून दाखवली.

"वेळेआधी पैसे भरले म्हणून ही शिक्षा! मेल्याला माणसं कळतात का रे?"

हेरंब हसला नाही. त्याने कप खाली ठेवला.

"मी सांगेपर्यंत तुला कळू देणार नाही," तो म्हणाला, "असा शब्द दिला होता बँकेने मला."