तिसऱ्या खांबाची भेग

बस पुलाच्या तोंडाशी उभी होती आणि आशालताबाई पुढच्या सीटवर केव्हाच जाऊन बसल्या होत्या.

"सही कर न् ऋता! मुहूर्त काढून राह्यली का?" त्यांनी खिडकीतून लेकीला विचारलं.

"आई, तू दुसऱ्या बसनं जा. पयली जाऊ दे आधी."

"काहून? सही लेकीची, अन् मायलेच भरवसा नाही, असं म्हनू दे का लोकायले?"

बसमधले लोक हसले. ऋताही हसली, पण हातातला पेन काही कागदाला टेकेना.

बालाघाटच्या कचेरीत पुलांची देखरेख करणारी इंजिनियर ती. कोसमघाटचा हा पूल तिनंच बंद केला होता, तिसऱ्या खांबाला भेग दिसली म्हणून. पलीकडच्या गावांनी तिच्या नावानं बोटं मोडली. पण सगळ्यांत जास्त ऐकून घ्यावं लागलं ते घरातच. आशालताबाईंचा थोरला भाऊ नंदकिशोर पलीकडे अंथरुणाला खिळला होता आणि फेऱ्याचा तीन तासांचा रस्ता बाईंच्या कंबरेला झेपत नव्हता.

"तुले पुलाची भेग दिसते, माह्या भावाचे हाल नाही दिसत," त्या म्हणायच्या. ऋताच्या जिवाला ते फार लागायचं. तरी ती बधली नाही.

खांबाची डागडुजी झाली, आधारही देऊन झाला. आता प्रश्न एकच होता: भेग अजून वाढते आहे की थांबली?

त्यासाठी तिनं पुलाचा डिजिटल जुळा उभा केला. म्हणजे कॉम्प्युटरातला हुबेहूब दुसरा पूल. खऱ्या पुलाला चिकटवलेली यंत्रं त्याचं थरथरणं, तापणं कळवायची आणि त्यावरून जुळा रोज अंदाज सांगायचा, आज भेग इतकी असेल.

"मानसायचे जुळे ऐकले होते बाप्पा," आशालताबाई म्हणाल्या होत्या, "पुलाचा जुळा पयल्यांदाच. दोघायतला मोठा कोन?"

मोठा कोण, हे ऋताला पक्कं ठाऊक होतं. यंत्र म्हणतं भेग थांबली, म्हणून माणसं पुलावर सोडायची, हे तिला पटणारं नव्हतं. तिनं अट घातली. सलग नव्वद दिवस माणसानं खांबाशी उतरून स्वतःच्या डोळ्यांनी भेग मोजायची. जुळ्याचा अंदाज आणि माणसाचं माप जुळलं, तरच पूल उघडायचा.

ते काम पुलाच्या चौकीदाराकडे आलं. शालिकराम, बिरसा गावाकडचा, साठीला टेकलेला सरळ माणूस. रोज सकाळी त्याच्या मोबाईलवर वरच्या चौकटीत जुळ्याचा अंदाज यायचा; खालच्या रिकाम्या चौकटीत त्यानं आपलं माप भरायचं. सुरुवातीला त्याचे आकडे भलतेच यायचे. ऋतानं दोनदा चांगलं झापलं, तेव्हा कुठं त्याचा हात बसला. त्यानंतरच्या नव्वद दिवसांत केसभर फरक नाही. झडीच्या आठवड्यातही सातच्या ठोक्याला माप हजर.

कागदावर काहीच खोट नव्हती. तरी एकदा आपणच खाली उतरावं, असं ऋताच्या मनात आलं. ती लोखंडी शिडीकडे दोन पावलं गेलीसुद्धा. पण शालिकराम समोरच उभा होता, धुतलेला शर्ट घालून, हातात झेंडूचा हार घेऊन. तीन महिने राबलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याचं माप तपासायचं? तिला आपलीच लाज वाटली. यंत्रावर नाही, माणसावर विश्वास ठेवायचा, हे आपणच ठरवलं होतं ना!

तिनं सही केली.

शालिकरामनं बसला हार घातला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि भरलेली बस हळूहळू पुलावर चढली. आशालताबाई खिडकीतून हात हलवत होत्या. ऋताचे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी आई तिच्याकडे बघून अशी हसली होती.

"काका, खरं सांगतो," ती शालिकरामला म्हणाली, "मलेही येवढं बरोबर मोजता आलं नसतं. कसं काय जमवलं तुमी?"

बस पहिला खांब ओलांडून दुसऱ्याकडे निघाली होती.

शालिकराम लाजला. "माहं कायचं म्याडम! पयले मी चुकतच होतो. मले भेग रोज थोडी जास्त दिसे, मोबाईलात कमी येये. तुमी रागावल्या. मंग म्या इचार केला, आपले डोये म्हातारे, कम्पूटर कायले खोटं बोलन? तवापासून खाली उतरतच नाही. वरचा आकडा पायतो, अन् खालच्या डब्यात तोच टाकतो."