आधी झोप विचारा

"झोप किती तास झाली?" पेढ्यांचा पुडा पुढे करणाऱ्या जुन्या पेशंट सावळेबाईंना डॉ. पाटणकरांनी विचारलं.

तीस वर्षं मानसोपचार शिकवताना त्यांनी विद्यार्थ्यांकडून हेच घोकून घेतलं होतं. पेशंट फार खूश दिसला की आधी झोप विचारा. बाईंना होता तसल्या उन्मादाच्या आजाराने पुन्हा उचल खाल्ली की पहिली झोपच उडते.

"आठ तास. गोळ्याही चुकवल्या नाहीत," बाई फणकारल्या. "लेक नर्स झाली, डॉक्टर! आम्ही नुसतं खूशही व्हायचं नाही का?"

मागे उभ्या विद्यार्थ्यांनी माना खाली घातल्या. पाटणकरांनी पेन बाजूला ठेवलं, अख्खा पेढा तोंडात टाकला आणि ओपीडीत पहिल्यांदाच खदखदून हसले. हसू आवरेचना.

बाई काळजीने पुढे झुकल्या.

"डॉक्टर, काल झोप झाली ना तुमची?"